गाव कुठलं तुमचं

कुंभिवलीच्या फाट्यावर संजनाची चहा-वडापावची टपरी होती. त्या टपरीवर एकही दिवस असा जायचा नाही, की कोणी ना कोणी तिला विचारलं नाही, बाई, तुम्ही नेपाळच्या का?

कधी ट्रकवाला विचारायचा, कधी लोणावळ्याला निघालेलं एखादं कुटुंब. कोणी सरळ विचारायचं, कोणी आडून. 'मोमो मिलेगा क्या?' हे आडून विचारणं. 'दार्जिलिंग साईड से हो?' हे जरा हिंडलेल्या माणसाचं. गाडीतून उतरलेली कॉलेजची पोरं कपाळाला हात लावून सलाम ठोकायची आणि आपसांत हसायची. तिचा चेहरा गोल, गालाची हाडं वर आलेली, नाक बसकं आणि डोळे बारीक, हसली की पार मिटून जाणारे. रंग गोरा, चुलीपुढं उभं राहून तांबूस झालेला. एवढ्यावर लोक तिला कुठल्या कुठं नेऊन ठेवायचे.

टपरी टाकली तेव्हा ती चिडायची. "मी दहिवलीची. कर्जत दहिवली. माझा बाप कुणबी, माझा नवरा कुणबी, आमची भाताची शेती हाय," असं एका दमात सांगून टाकायची. समोरचा ओशाळून म्हणायचा, "अहो, सहज विचारलं." मग तिलाच वाटायचं, आपण उगाच माणसाच्या अंगावर गेलो. पुढं ती हसून सांगायला लागली. मग नुसतं 'नाय' म्हणायला लागली. हल्ली तर 'नाय'सुद्धा जड वाटायचं. वडा तेलात सोडता सोडता ती नुसती मान हलवायची. ती होय म्हणून हलली की नाय म्हणून, हे विचारणाऱ्यानं आपलं आपण ठरवावं.

नवरा कमलेश खालापूरकडच्या एका कंपनीत पाळीवर जायचा. माणूस सरळ होता, पण त्याला एकदा काय सुचलं कोण जाणे. संध्याकाळी टपरी आवरताना म्हणाला, "संजे, लोक विचारतातच, तर मोमो ठेव की. शिकायला काय, मोबाईलवर सगळं मिळतं." त्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही बोलली नाही. डबा भरून दिला, पण तोंड उघडलं नाही. कमलेशला कळलं, आपण कुठंतरी चुकलो. नक्की कुठं, ते मात्र कळलं नाही.

मुलगी नम्रता कर्जतला कॉलेजात होती. तिचा चेहरा थेट आईचा. शाळेत पोरं तिला काय काय म्हणायची, आणि तेव्हा ती रडत घरी यायची. कॉलेजात गेल्यावर मात्र वारं फिरलं. मोबाईलवर कोरियातल्या मालिका बघणाऱ्या मैत्रिणी तिला म्हणायच्या, तू अगदी कोरियन दिसतेस. नम्रतानं कपाळावर केस कापून घेतले आणि आरशासमोर उभी राहून आईला विचारलं, "आई, दिसते ना गं तशी?"  पोर खुश होती. खुश पोरीला काय सांगायचं? "दिसतेस," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली.

पण संजनाचं दुखणं टपरीवरच्या लोकांपाशी सुरू झालं नव्हतं. ते जुनं होतं. तिच्या जन्माच्या वेळी दहिवलीला त्यांच्या घराजवळ भाताची गिरणी होती आणि त्या गिरणीवर एक गुरखा होता. संजना जन्मली, तिचं तोंड असं, आणि गिरणीवर पाखडायला बसणाऱ्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. एवढंच झालं. कोणी येऊन तिच्या आईला, अंबाबाईला, तोंडावर काही विचारलं नाही. बाप येसाजीला कोणी काही म्हणालं नाही. पण संजना सात-आठ वर्षांची असताना तळ्यावर भांडण झालं आणि एका पोरीनं तिला ओरडून सांगितलं, "तू गुरख्याची." ती घरी येऊन आईला म्हणाली, "आये, गुरख्याची म्हंजे काय?" अंबाबाई भाकरी थापत होती. तिचा हात तसाच परातीत राहिला. मग ती म्हणाली, "काय नाय. जेव."

त्या दिवसापासून संजनानं आईला पुन्हा काही विचारलं नाही. पण तेव्हापासून कोणीही 'तुम्ही कुठल्या' असं विचारलं, की तिला वाटायचं हे मला नाही, माझ्या आईला विचारतायत. म्हणून ती एवढी जोरानं सांगायची. आणि सांगून सांगून ती थकली होती.

पुढचं सगळं घडलं ते ऑक्टोबरात. भात पिवळं पडलं होतं, ऊन अंगाला चटके देत होतं. दुपारची वेळ, टपरीवर फक्त किशोर होता. किशोर टेंपो चालवायचा. भाताची पोती, विटा, लग्नाचं सामान, मिळेल ते भाडं मारायचा आणि येता-जाता संजनाकडं चहा घ्यायचा. तिला वहिनी म्हणायचा. बशीत चहा ओतून फुंकर मारत तो कुठल्याशा गिऱ्हाइकाची गंमत सांगत होता, तेवढ्यात रस्त्यानं एक बाई पळत आली. बाई कसली, वीस-बावीस वर्षांची पोर. पायात चप्पल नाही, ओढणी खांद्यावरून लोंबत होती. फाट्यावरच्या रिक्षावाल्यांशी ती हातवारे करत काहीतरी बोलली. एकानं खांदे उडवले. दुसरा म्हणाला, "हिंदी में बोलो ना." मग त्या पोरीची नजर टपरीकडं गेली, संजनाच्या चेहऱ्यावर थांबली, आणि ती धावतच आली.

तिनं संजनाचे दोन्ही हात धरले. वडापावाचं पीठ लागलेले हात. आणि रडत, धापा टाकत बोलायला सुरुवात केली. "दिदी, मेरो बूढालाई सर्पले टोक्यो! दिदी!" पुढं बरंच काही. संजनाला त्यातले दोनच शब्द कळले. बूढा, आणि सर्प.

"किशोर, हिच्या बापाला सर्प चावलाय," ती म्हणाली. "म्हातारा कुठं हाय? किधर? किधर?"

पोरीनं मागं बोट दाखवलं. शेतापलीकडं मुंबईवाल्यांची फार्महाऊसं होती. संजनानं गॅस बंद केला, फडक्याला हात पुसले आणि टपरी तशीच उघडी टाकून टेंपोत बसली. पोर तिला चिकटून बसली. सगळ्या वाटेनं ती बोलत होती, भराभर, जणू खूप दिवस कोणाशी बोललीच नव्हती. संजनाचा हात तिनं सोडला नाही. संजनाला राहवेना. ती म्हणाली, "मैं नेपाल की नहीं हूँ. मैं इधर की. मुझे तेरा समझता नहीं."

पोर थांबली. तिनं संजनाच्या तोंडाकडं बघितलं, नीट, डोळे, नाक, गाल. तिचा हात संजनाच्या हातातच राहिला, पण बोटं सैल पडली. त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही.

संजना आजवर कितीएक लोकांना तेच वाक्य बोलली होती. कोणाचं काही बिघडलं नव्हतं. या वेळी मात्र तिला आपण कोणा तहानलेल्याच्या तोंडचं पाणी काढून घेतल्यासारखं वाटलं.

फार्महाऊसच्या मागच्या खोलीपुढं माणूस पडला होता. म्हातारा नव्हताच तो. पंचविशीतला पोरगा, मिसरूड फुटलेली, पाय पोटरीपर्यंत सुजून निळा पडलेला. 'बूढा' म्हणजे तिचा बाप नव्हे, नवरा, हे संजनाला तेव्हा कळलं. गवत कापताना घोणस चावली होती. किशोरनं आणि संजनानं त्याला उचलून टेंपोच्या हौद्यात पोत्यांवर निजवलं. मालकाला फोन पोरीनं दहादा लावला होता. मुंबईचा मालक फोन उचलत नव्हता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर जागेवर होते, हे नशीब. त्यांनी पाय बघितला, हिरड्यांतून रक्त येतंय का ते बघितलं, आणि सलाईनमधून औषध लगेच सुरू केलं. त्यांनी वेळ वाया घालवला नाही. बाहेर बाकड्यावर संजना आणि ती पोर बसल्या. पोरीचं नाव मनमाया, नवऱ्याचं टेकबहादूर, राखणीला येऊन दोन-तीन महिने झालेले, एवढं मोडक्या हिंदीतून कळलं. किशोर टेंपो लावायला गेला होता. समोरून जाणारा वॉर्डातला एक शिपाई मामा दुसऱ्याला म्हणाला, "कुठून कुठून येतात हे लोक. सांभाळायचं मात्र आपण." दोघींच्याही तोंडाकडं बघून, मोठ्यानं. या दोघींना काय कळतंय, अशा समजुतीनं. संजनानं ऐकलं. एरवी ती ताडकन उठली असती. पण तिच्या पाठीत दुखत होतं, सकाळपासून ती उभी होती. तिनं भिंतीला डोकं टेकलं.

मग सिस्टर बाहेर आल्या. बाई बोलायला गोड होत्या. दोघींकडं बघून हिंदीत म्हणाल्या, "पेशंट के साथ कौन है?"

"आमी दोघी हाव," संजना म्हणाली.

सिस्टरच्या भुवया वर गेल्या. "अरे वा! मराठी येतं की तुम्हाला. आणि किती छान! आमच्या सोसायटीचा वॉचमन इतकी वर्षं आहे, त्याला अजून धड बोलता येत नाही. तुम्ही तर अगदी इकडच्या गावातल्या बायांसारखं बोलता."

"मी इकडचीच हाय, सिस्टर."

"हो, आता इकडच्याच झालात म्हणायचं," सिस्टर हसून म्हणाल्या. "किती वर्षं झाली?"

"एक्केचाळीस."

"म्हणजे जन्मच इथला? मग आईवडील आले असतील तिकडून."

संजनानं तोंड उघडलं. दहिवली, येसाजी, कुणबी, भाताची शेती, सगळं जिभेवर आलं होतं. आणि तिच्या लक्षात आलं, आपण हे सांगितलं तरी ही बाई हसून मान डोलावेल आणि तिच्या मनात येईल, असेल बाई, कोणाला माहीत. तिनं तोंड मिटलं.

सिस्टरचा सूर बदलला, कामाचा झाला. "बरं, ऐका. आज-उद्या त्याच्यावर लक्ष ठेवावं लागेल. गरज पडली तर पुढं पाठवावं लागेल. जबाबदार माणूस पाहिजे. हिला तर काही समजत नाही, हिच्याशी आम्ही बोलणार कसं? मालक येतायत का?"

"फोन उचलत नाय तो."

"मग नातेवाईक कोण? तुम्ही कोण यांच्या?"

किशोर तेवढ्यात दारातून आत आला होता. मनमाया खाली बघून ओढणीचं टोक पिळत होती. तिला प्रश्न कळला नव्हता, पण प्रश्न आपल्याबद्दल आहे आणि उत्तर वाईट येणार आहे, एवढं तिला कळलं असावं. तिनं वर बघितलंच नाही.

"बहीन," संजना म्हणाली.

"पेशंटची?"

"हिची. मोठी."

"मग आधी नाही का सांगायचं?" सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या कामाला लागल्या.

 बाहेर आल्यावर किशोर हसत म्हणाला, "वहिनी, एवढं आयुष्य तुमी नाय नाय करत आलाव, आन आज एका झटक्यात बहीन?"

"गप रं," संजना म्हणाली. "टपरीवर जा. तेलाची कढई झाक, आन कमलेशना फोन करून सांग, मी इथं थांबते."

टेकबहादूर वाचला. दुसऱ्या दिवशी सूज चढायची थांबली, तिसऱ्या दिवशी त्यानं पेज घेतली. संजना घरून डबा घेऊन जायची आणि येऊन टपरी उघडायची. मनमाया तिच्या हातचं मुकाट्यानं खायची. कधी संजनाचे पाय दाबायला बसायची, आणि संजना तिचे हात बाजूला सारायची.

इकडं टपरीवर चौथ्या दिवशी एक हवालदार आला. सर्पदंशाची खबर दवाखान्यातून चौकीला जातेच, त्यात नवल नव्हतं. पण त्यानं संजनाचं आधार कार्ड मागितलं. ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "यात नाव मराठी, पत्ता इथला. बहीण नेपाळची. हे कसं काय?"

"ती माझी बहीन नाय."

"दवाखान्यात तर तुम्हीच सांगितलंत."

"सांगितलं. तिचं इथं कोन नव्हतं, म्हनून."

"असं कोणी सांगतं का? बाई, खोटं बोलून भारतीय कागद काढणारे थोडे आहेत का? मला विचारावं लागतं." माणूस उर्मट नव्हता. तोही घामाघूम झाला होता आणि त्याला हे काम आवरून जेवायला जायचं होतं. पण टपरीवर गिऱ्हाईक उभं होतं, आणि उभं असलेलं गिऱ्हाईक हातातला वडापाव तसाच धरून ऐकत होतं.

कोणीतरी जाऊन गावातल्या पोलीस पाटलाला, कोंडाजीला, बोलावून आणलं. कोंडाजी साठीचा, लुंगीवरच आला. "अहो साहेब, काय चाललंय! ही आमच्या कमलेशची बायको. दहिवलीच्या येसाजीची पोरगी. लग्नाला मी सोता होतो." हवालदारानं कार्ड परत दिलं. चहा घेतला. पैसे द्यायला लागला तर संजनानं हातानंच नको म्हटलं. जाताना तो म्हणाला, "पुन्हा असं सांगू नका, ताई. आम्हाला त्रास होतो."

कोंडाजी मागं राहिला. दाढी खाजवत, जरा हळू आवाजात म्हणाला, "पोरी, कशाला बोललीस असं? लोकांची तोंडं आधीच..." आणि तिथंच थांबला. त्याला काही वाईट बोलायचं नव्हतं. पण कुंभिवलीतही ती गिरणीची गोष्ट माहीत होती, आणि इतकी वर्षं सगळ्यांनी ती माहीत नसल्यासारखं दाखवलं होतं, हे संजनाला त्या थांबण्यातून कळलं.

घरी कमलेशही तेच बोलला. किशोर दहिवलीच्या गिरणीवर पोती टाकायला गेला होता आणि तिथं त्यानं ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली होती. वहिनीनं नेपाळची बहीण काढली म्हणून. त्याच्या मनात पाप नव्हतं. पण गिरणीवर आता जुन्या बायांच्या सुना बसत होत्या, आणि सासवांकडून त्यांना सगळं मिळालं होतं. "म्हंतात, बघा, शेवटी तिनंच कबूल केलं," कमलेश म्हणाला. तो शर्ट काढून खुंटीला लावत होता, तिच्याकडं पाठ करून. "मला काय नाय गं. पन आपल्याला पोरगी हाय. तुझी आई अजून जिती हाय. तुला काय गरज होती?"

"गरज नव्हती," संजना म्हणाली. "दमले होते."

यापेक्षा खरं तिच्याजवळ काही नव्हतं.

दिवाळीच्या आधी टेकबहादूर चालायला लागला आणि मालकानं त्याला कामावरून काढलं. लंगडणारा वॉचमन त्याला नको होता. पनवेलकडं कोणी गाववाला होता, तिकडं जायचं ठरलं. निघताना दोघं टपरीवर आले. संजनानं त्यांना चहा दिला, वाटेसाठी वडे बांधून दिले. टेकबहादूरनं वाकून नमस्कार केला. मनमायानं तिला बाजूला नेलं, इकडं-तिकडं बघितलं आणि मोडक्या हिंदीत हळूच विचारलं, "दिदी, सच में आपका गाँव किधर है? पहाड़ में? मैं किसी को नहीं बताएगी."

 म्हणजे या पोरीचाही विश्वास बसला नव्हता. टेंपोतल्या त्या सांगण्यावर तिनं मागाहून आपला अर्थ लावला होता. दिदी भिते, दिदी लपवते, दिदीचा काहीतरी नाइलाज असेल. आणि ती दिदीचं गुपित सांभाळायला तयार होती.

"दहिवली," संजना म्हणाली.

मनमायानं मान हलवली, जणू ते तिकडच्याच कुठल्या डोंगरातलं गाव असावं. मग दोघं पनवेलच्या गाडीत बसली.

आईला भेटायला जायचं संजना टाळत होती. पण दिवाळीचं फराळाचं न्यायला हवं होतं. दुपारच्या एसटीनं चौक गावावरून ती कर्जतला उतरली आणि दहिवलीला चालत गेली. वाटेत गिरणी लागली. बाया बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय संजे, बरी हाईस?" ती म्हणाली, "बरी हाय." पाठीमागं त्या काय बोलल्या, ते ऐकायला ती थांबली नाही.

अंबाबाई ओट्यावर बसली होती. पंचाहत्तरी उलटलेली, कान शाबूत, गुडघे गेलेले. लेकीला बघून तिनं एवढंच विचारलं, "जेवलीस?" आणि नाही म्हणायच्या आत भिंत धरून उठली. तांदळाची भाकरी होती, सुकटीचं कालवण होतं. दोघी समोरासमोर जेवायला बसल्या. 

शेवटी संजना म्हणाली, "आये, तुझ्या कानावर आलं असंल."

"आलं की. सकाळी आलं, दुपारी आलं, परत संध्याकाळी दुसरी येऊन सांगून गेली."

"माझं चुकलं. तुझा इचार केला नाय मी त्या टायमाला."

अंबाबाईनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला.  मग म्हणाली, "तू कधी मला विचारलं नायस."

"काय विचारायचं होतं त्यात?"

"तेच. तू बी नाय, तुझ्या बापानं बी नाय." ती लेकीकडं न बघता बोलत होती. "तो गुरखा म्हातारा होता गं. दात पडलेला, सारखा खोकायचा. तू पोटात होतीस तवा एकदा तो उनात तापानं फणफणत पडला होता, गिरणीच्या भिंतीला. मालकाला त्याचं काय? मी ताक नेऊन दिलं. तीन-चार रोज दिलं. बायांनी पायलं. झालं एवढंच. मंग तू झालीस, आन तुझं तोंड असं. तुझ्या बापाची आजी बी अशीच होती म्हंतात, पन तिला पायलेलं मानूस कोन जितं नव्हतं."

"मंग तू सांगायचंस ना कोनाला तरी."

"कोनाला सांगू? ज्याला सांगायचं त्यानं विचारलंच नाय. मरेपर्यंत नाय. लोक म्हनायचे, येसाजी केवढ्या मोठ्या मनाचा. मला वाटायचं, अरे एकदा विचार रं बाबा. भांड. हात उचल पायजे तर. म्हंजे मी सांगीन. तो आपला जेवायचा, निजायचा, तुला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचा. तुझे लाड करायचा. आन माझ्याकडं बघायचा नाय."

 बापाचा खांदा संजनाला आठवत होता, जत्रेतला फुगा आठवत होता. त्या वेळी आई कुठं होती, ते काही केल्या आठवेना.

"मी बी दमले, पोरी," अंबाबाई म्हणाली. "आता लोक म्हनू देत काय म्हनायचं ते. आता कोनाला सांगायची हौस नाय उरली." आणि जरा थांबून, "ती पोर बरी हाय का? तिचा दादला?"

"वाचला. पनवेलला गेली दोघं." मग संजनानं तिला मनमायाचं ते शेवटचं विचारणं सांगितलं. खरं गाव किधर है, मैं किसी को नहीं बताएगी.

अंबाबाईला आधी कळलं नाही. संजनानं पुन्हा मराठीतून सांगितलं. तेव्हा म्हातारीचे खांदे हलायला लागले. संजनाला वाटलं ती रडतेय. ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. या गोष्टीवर आईला हसताना संजनानं जन्मात पाहिलं नव्हतं. तीही हसली. हसता हसता दोघींना ठसका लागला, आणि मग हसणं आपोआप संपलं. परातीत उरलेली भाकरी संजनानं फडक्यात गुंडाळून ठेवली.

दुपार उतरत होती. अंबाबाई म्हणाली, जरा पडते, गुडघे ठणकतात. संजनानं चटई टाकली, आईच्या पायांना तेल लावलं. तेल लावता लावता म्हातारी झोपी गेली. बाहेर कोणाच्या तरी खळ्यावर भात झोडल्याचा आवाज येत होता. टपरी बंद होती, कमलेशची रात्रपाळी होती, त्याच्या डब्याला उशीर होणार होता. संजनाला उठायला हवं होतं. पुढच्या एसटीनं जाऊ, असं ठरवून ती आईशेजारी आडवी झाली.